कोणता ‘बिग बॉस’ दाखवणार आहात? फिल्म सोसायट्यांना एक खुलं पत्र

फिल्म सोसायट्या, कॉलेजांचे फिल्म क्लब आणि छोटे महोत्सव चालवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रकात जुना कुंग-फू सिनेमा असला की त्याच्यापुढे साधारण एवढंच छापलेलं असतं: ‘द बिग बॉस’, हाँगकाँग, १९७१, १०० मि. मूकपट दाखवायचा असला तर प्रत कुठल्या संग्रहालयाची, चालवणार कोणत्या वेगाने, साथीला वाजवणार कोण, हे सगळं तुम्ही आवर्जून सांगता. मग कुंग-फूनेच काय घोडं मारलंय? एकाच नावाखाली चार-चार वेगळे सिनेमे फिरतात असा हा प्रांत आहे. आमचं मागणं एकच: कोणती आवृत्ती दाखवताय ते आधी तपासा आणि पत्रकावर छापा. पत्र लांबलंय ते तपासायचं कसं हे सांगण्यापायी.

‘बिग बॉस’पासूनच सुरुवात करू. (टीव्हीवरच्या त्या घराशी याचा संबंध नाही, हेही पत्रकात टाकायला हरकत नसावी.) लो वेईने थायलंडमधल्या पाक चाँगला चित्रित केलेला, गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या कंपनीचा हा सिनेमा मुळात मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, आला, वँग फू-लिंगच्या संगीतासह. परदेशासाठी इंग्रजी आवृत्ती झाली तेव्हा पार्श्वसंगीत नवं बसवलं गेलं, ते पीटर थॉमस या जर्मन संगीतकाराचं. पुढे हाँगकाँगच्या बोलीतली, म्हणजे कॅन्टोनीज, ध्वनिपट्टी आली तिच्यात जोसेफ कू यांचं संगीत, आणि मधूनच पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिम्सन या रॉक बँडचे तुकडे. म्हणजे तिघांनी तीन ठिकाणी हाच सिनेमा पाहिला तर तिघं वेगवेगळं संगीत गुणगुणत बाहेर पडतील, आणि तिघांचंही म्हणणं खरं असेल. २०२३ मध्ये जुन्या मँडरिन प्रिंटवरून केलेली सुमारे ११० मिनिटांची लांब आवृत्ती डिस्कवर आली. तेव्हा पत्रकातले ते ‘१०० मि.’ नेमके कशाचे, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

शिवाय बर्फाच्या कारखान्यातली करवत. ब्रूस ली एकाच्या डोक्यात करवत घालतो, त्या प्रसंगाचं स्थिरचित्र पुस्तकांत, मासिकांत छापलं गेलंय, पण नेहमी मिळणाऱ्या प्रतींत तो क्षण नाही. तुमच्या प्रेक्षकांत एक तरी जण खेळानंतर त्याबद्दल विचारणार. तयारी ठेवा.

नावांचा घोळ तर विचारूच नका. अमेरिकेत ‘बिग बॉस’ हा ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ झाला आणि ज्याचं नाव खरंच ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ होतं तो १९७२ चा सिनेमा ‘द चायनीज कनेक्शन’. हे दुसरं नाव आदल्या वर्षीच्या ‘फ्रेंच कनेक्शन’च्या लोकप्रियतेवर स्वार व्हायला काढलेलं, आणि ते खरं तर थायलंडमधल्या अमली पदार्थांच्या कथेला, म्हणजे ‘बिग बॉस’ला शोभलं असतं. वितरणाच्या गोंधळात दोन नावांची अदलाबदल झाली आणि तशीच राहिली. ‘वे ऑफ द ड्रॅगन’ अमेरिकेत ‘एंटर द ड्रॅगन’नंतर पोचला म्हणून ‘रिटर्न ऑफ द ड्रॅगन’ ठरला. एंटर नाही तर रिटर्न तरी कुठून, असा हिशोब. जर्मनांनी त्याच न्यायाने ‘एंटर’ला ‘मृत्यूच्या पंजाचा माणूस’ आणि आधीच्या ‘वे’ला ‘मृत्यूचा पंजा पुन्हा वार करतो’ अशा अर्थाची नावं दिली, दुसऱ्या सिनेमात तो पंजा औषधालाही नसताना. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा ‘किंग बॉक्सर’ अमेरिकेत ‘फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ’, ‘थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ तिथे ‘मास्टर किलर’, ‘क्रिपल्ड अव्हेंजर्स’ म्हणजे ‘रिटर्न ऑफ द फाइव्ह डेडली व्हेनम्स’. म्हणून मुळाशी एक नियम ठेवा: पडद्यावर सुरुवातीला चिनी अक्षरांत जे नाव येतं त्याचा फोटो काढून ठेवा आणि सिनेमा त्या नावाने ओळखा. इंग्रजी नाव हे त्या त्या देशातल्या वितरकाचं बारसं आहे.

आता कात्री. इंग्लंडची कात्री सगळ्यांत चमत्कारिक, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबू. तिथल्या सेन्सॉर बोर्डाचा राग रक्तापेक्षा नानचाकूवर, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या हत्यारावर, होता. ‘एंटर द ड्रॅगन’ पहिल्यांदा पास झाला तेव्हा काटछाट झाली ती इतर हिंसेची. पण गल्लीतली पोरं झाडूचे दांडे साखळीने जोडून फिरवायला लागतील ही धास्ती पुढे वाढत गेली. १९७५ मध्ये जेम्स फर्मन बोर्डाचे सचिव झाले आणि १९७९ मध्ये ‘एंटर’ पुन्हा लागताना त्यातलं नानचाकू काढायला लावलं गेलं. ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये रोमच्या रेस्टॉरंटमागच्या गल्लीत ब्रूस ली दोन नानचाकू एकदम फिरवतो, ते गेलं. ‘गेम ऑफ डेथ’मधली डॅन इनोसँटोसोबतची नानचाकूची जुगलबंदी गेली. १९८४ च्या व्हिडिओ कायद्याने कॅसेटनाही प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि हीच छाटलेली प्रत घराघरांत गेली. हे खूळ इतकं वाढलं की १९९१ च्या निन्जा कासवांच्या सिनेमात एक कासव सॉसेजची माळ नानचाकूसारखी फिरवतं, तर तीही कापली. सॉसेजची! टीव्हीवर त्या कासवांच्या नावातला ‘निन्जा’ शब्दही बदलून ‘हीरो’ केला होता. १९९९ मध्ये फर्मन पदावरून निवृत्त झाले, त्यानंतर ही बंदी सैल झाली आणि ‘एंटर’ पुन्हा सलग दिसायला लागला.

नानचाकूखेरीज दोन्ही तळव्यांनी एकदम कानांवर मारलेली टाळी, डोक्याने दिलेली धडक, मनगटातून फेकलेले धातूचे धारदार तारे यांवरही तिथे नजर असे. घरी सहज करून बघता येईल आणि समोरच्याला कायमची इजा होईल असं जे जे, ते कापायचं, अशी ती विचारसरणी. मुद्दा अगदीच वेडगळ नव्हता, पण तिचा परिणाम असा की तलवारीने हात तुटलेला चालायचा आणि दोन काठ्यांमधली साखळी चालायची नाही.

तुमच्याकडची ‘एंटर’ची प्रत या काळातली आहे का हे ओळखणं सोपं आहे. खलनायक हानच्या तळघरातली मारामारी लावा. ब्रूस ली आधी रिकाम्या हातांनी, मग लांब काठीने, मग दोन आखूड काठ्यांनी आणि शेवटी नानचाकूने लढतो. पोलादी दारं खाली येतात तेव्हा तो मांडी घालून बसतो आणि नानचाकू गळ्यात टाकतो. दोन काठ्यांनंतर नानचाकू फिरताना दिसलंच नाही, तर प्रत त्या कात्रीखालून आलेली आहे. दुसरी खूण सुरुवातीची: शाओलिनच्या वृद्ध गुरूंबरोबर ब्रूस लीचं चालता चालता होणारं संभाषण. ते हाँगकाँगच्या आवृत्तीत होतं, अमेरिकी आवृत्तीत नव्हतं आणि १९९८ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत परत घातलं गेलं. म्हणजे ‘नानचाकू आहे, गुरू नाहीत’ ही जुनी अमेरिकी प्रत आणि ‘गुरू आहेत, नानचाकूही आहे’ ही आज दाखवावी अशी.

प्राण्यांबाबतची ब्रिटिश कात्री मात्र वेगळ्या जातीची. १९३७ च्या कायद्याने चित्रीकरणासाठी प्राण्याला खरोखर यातना दिल्या असतील तर ते दृश्य दाखवता येत नाही. इथे बोर्डाच्या मर्जीचा प्रश्नच नाही. जॅकी चॅनच्या १९७८ च्या ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’मध्ये मांजर आणि नागाची झुंज खरी आहे, आणि नायकाला मार्जारमुष्टीची कल्पना सुचते ती तिथेच. झुंज काढली तर त्याला ही विद्या आकाशातून सुचल्यासारखी वाटते. पूर्ण प्रत दाखवणार असाल तर प्रेक्षकांना आधी सूचना द्या. ती झुंज बघायला त्रास होतो, आणि व्हायलाच हवा.

जर्मनीत प्रकार आणखी वेगळा. तिथे तरुणांना घातक ठरवलेल्या सिनेमांची सरकारी यादी असते. यादीत नाव गेलं की जाहिरात बंद आणि दुकानात उघड्यावर मांडणी बंद. त्या भीतीने वितरक आधीच कापून मोकळे होत. म्हणून जर्मन डिस्क घेताना वेष्टणावरचं वय वाचा. कमी वयोगटाची खूण आणि रक्ताळ सिनेमा असं जुळत असेल तर कापलेला असण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेतली काटछाट पुष्कळदा वितरकाच्या अकलेतून निघालेली असते. सर्वांत बोलकं उदाहरण नंतरच्या काळातलं आहे: ‘ड्रंकन मास्टर २’ हा १९९४ चा सिनेमा २००० मध्ये तिथे नव्या इंग्रजी डबिंगसह लागला तेव्हा शेवटचा प्रसंगच काढला. कारखान्यातला अल्कोहोल पिऊन लढलेला वाँग फेई-हुंग त्याची किंमत कशी मोजतो, ते त्यात होतं. चेष्टेवारी नेलेला आणि आजच्या नजरेला खटकणारा तो प्रसंग आहे, हे कबूल. पण तो काढल्यावर विषारी दारू पिण्याला काही परिणामच उरत नाही, आणि नायक ठणठणीत घरी जातो.

इथे एक सावधानी. प्रत्येक खटकणारी जागा कात्रीची नसते. १९८४ च्या ‘एट डायग्रॅम पोल फायटर’मध्ये अलेक्झांडर फू शेंगचं पात्र अर्ध्यातून नाहीसं होतं. रीळ हरवलं असावं म्हणून शोधाशोध करू नका. चित्रीकरण चालू असतानाच, १९८३ च्या जुलैमध्ये, फू शेंग मोटार अपघातात गेला आणि दिग्दर्शक लाउ कार-लेउंगने उरलेली कथा त्याच्याविना उभी केली. तसंच शॉ ब्रदर्सचा दिग्दर्शक चँग चेह याच्या काही सिनेमांत मरणाच्या क्षणी पडदा लाल होतो किंवा रंग उडतो. टीव्हीवर रक्त लपवायला रंग काढत असत हे खरं, पण इथे ते दिग्दर्शकानेच केलेलं असतं.

काही सिनेमांना तर ‘मूळ’ म्हणून बोट ठेवावं असं एकच रूप नाही. चँग चेहचा १९७७ चा ‘चायनाटाउन किड’ घ्या. एक आवृत्ती सुमारे ११५ मिनिटांची, दुसरी ९० ची. नुसती पंचवीस मिनिटं कमी नाहीत, धागे वेगळे जोडलेत आणि शेवटही वेगळा. शॉ ब्रदर्सचा साडेसातशेहून जास्त चित्रपटांचा साठा २००० मध्ये सेलेस्टियल कंपनीने घेतला, त्यांच्या डीव्हीडीवर ९० मिनिटांची आली. स्वच्छ चित्र, चिनी ध्वनी, अधिकृत शिक्का, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी तीच खरी मानली, आणि इंग्रजी डबिंगच्या घासलेल्या कॅसेटवर लांब आवृत्ती बघितलेल्यांना वेड्यात काढलं गेलं. २०२१ मध्ये दोन्ही एका संचात आल्या तेव्हा कुठे वाद मिटला. ‘गेम ऑफ डेथ’ची तऱ्हा त्याहून निराळी. ब्रूस लीने १९७२ मध्ये पॅगोडातल्या लढती चित्रित केल्या, मग ‘एंटर’साठी काम थांबवलं आणि २० जुलै १९७३ ला तो गेला. १९७८ मध्ये रॉबर्ट क्लाउजने नवी कथा रचून, तोतये उभे करून, एका दृश्यात तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचं कात्रण चिकटवून सिनेमा पुरा केला. त्यात खऱ्या ब्रूस लीच्या पॅगोडातल्या लढती जेमतेम अकरा मिनिटं, आणि त्यातूनही त्याच्याबरोबर जिने चढणारे दोन साथीदार वगळलेले. हाँगकाँगच्या आवृत्तीत काचघरातली एक लढत आहे, ती आंतरराष्ट्रीय आवृत्तीत नाही. २००० मध्ये उरलेलं चित्रण उजेडात आलं आणि साथीदारांसकट पॅगोडा जोडला गेला. तुम्हाला ब्रूस लीचा ‘गेम ऑफ डेथ’ दाखवायचा असेल तर १९७८ चा सिनेमा न दाखवता ते जोडलेलं चित्रण दाखवा, हे आमचं स्पष्ट मत. एक संध्याकाळ दोन्हींना द्यायची असेल तर उत्तमच.

भाषेबद्दल तुमची गफलत ठरलेली असते: ‘मूळ कॅन्टोनीज’ असं बेधडक छापता. हे सिनेमे मुके चित्रित होत आणि आवाज नंतर भरला जाई, बहुतेकदा नटाचा नव्हेच. साठच्या दशकाच्या शेवटापासून ७३ पर्यंत हाँगकाँगच्या पडद्यावर मँडरिनचं राज्य होतं. कॅन्टोनीज परतली ती १९७३ च्या ‘हाउस ऑफ सेव्हंटीटू टेनंट्स’च्या यशानंतर. तेव्हा १९७१-७२ च्या सिनेमाची कॅन्टोनीज पट्टी ही बहुधा नंतरची. ओळखायला चिनी यायची गरज नाही. गुरूला हाक मारताना कान द्या: मँडरिनमध्ये ‘शिफू’, कॅन्टोनीजमध्ये ‘सीफू’. कवायतीत आकडे मोजले जात असतील तर ‘ई, अर, सान’ हे मँडरिन आणि ‘यात, यी, साम’ हे कॅन्टोनीज. इंग्रजी डबिंगला मात्र नाकं मुरडू नका. ते हाँगकाँगमध्येच, तिथे राहणाऱ्या मूठभर इंग्रजी आवाजांनी केलेलं आहे आणि जगाच्या मोठ्या भागाने हे सिनेमे तसेच पाहिले. फक्त ते ‘इंग्रजी डब’ म्हणून छापा.

सबटायटलचीही एक परीक्षा आहे. चिनी ध्वनी लावून सबटायटल बघा. कुणी नुसता एक शब्द बोललाय आणि खाली दोन ओळी आल्यात, किंवा ओठ मिटलेत तरी खाली वाक्य आहे, तर ती इंग्रजी डबिंगवरून उतरवलेली सबटायटल आहेत, चिनीवरून भाषांतरित केलेली नाहीत. डबिंग करणाऱ्यांनी ओठांच्या हालचालीत बसावं म्हणून घातलेली भर मग अनुवाद म्हणून वाचली जाते. अशी प्रत टाळा.

आता तपासणी. एका सिनेमाला एक संध्याकाळ पुरते.

आधी लांबी. फाइल किंवा डिस्क सेकंदाला किती फ्रेमने चालते ते प्लेअर सांगतो. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी २५ फ्रेमच्या, फिल्म २४ ची. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा तिथे ९६ मिनिटांत संपतो. सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडण्याआधी मिनिटांना १.०४१७ ने गुणा. याची उलट बाजू जास्त फसवी: ९६ मिनिटांची युरोपीय डीव्हीडी आणि ९६ मिनिटांची ब्लू-रे सारखी दिसते, पण पहिलीत सगळा सिनेमा आहे आणि दुसरीत चार मिनिटं गायब आहेत. मोजताना कंपन्यांची नवी बोधचिन्हं सोडा, सिनेमाच्या पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंतच मोजा. लांबी मीटरमध्ये मिळाली तर, जशी फिल्मच्या काळात आपल्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर असायची, २७.४३ ने भागा. २७४३ मीटर म्हणजे बरोबर १०० मिनिटं. वेग चढला की सूरही चढतो, अर्ध्या स्वराहून थोडा कमी. पांढरी एकमधलं गाणं काळी एककडे सरकतं, पुरतं पोचत नाही एवढंच. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी शीर्षकसंगीत वाजवून बघावं.

मग चित्र थांबवा, आणि तेही एखादी जोरदार लाथ हवेत असताना. पुढे एकेक फ्रेम सरका. प्रत चांगली असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये एकच पाय दिसेल, थोडा पुसट झालेला. एकाच नायकाला दोन अर्धपारदर्शक पाय फुटलेले दिसले तर प्रत युरोपीय पद्धतीतून अमेरिकी पद्धतीत ओबडधोबड उतरवलेली आहे. दोन शेजारच्या फ्रेम एकमेकींत कालवल्यात. शॉ ब्रदर्सच्या सिनेमांच्या सुरुवातीच्या हाँगकाँगी डीव्हीडींबद्दल हीच मोठी तक्रार होती. ही खोट नंतर नीट निघत नाही. मोठ्या पडद्यावर सगळ्या मारामारीचा लगदा होतो.

चौकटीच्या कडाही बघा. हे सिनेमे बहुतेक २.३५ : १ अशा रुंद पडद्यासाठी केलेले. टीव्हीच्या जुन्या ४ : ३ चौकटीत कोंबले की चित्राचा ४३ टक्के भाग जातो, आणि समोरासमोर उभ्या दोघांची फक्त नाकं आत राहतात. हाँगकाँगच्या चित्रगृहांतल्या प्रिंटवर चिनी आणि इंग्रजी सबटायटल चित्रातच छापलेली असत. ओळीचं पहिलं किंवा शेवटचं अक्षर कडेला तुटलेलं दिसलं की बाजू कापल्याचा पुरावा तुमच्या हातात आला.

कात्रीचा माग काढायला डोळ्यांपेक्षा कान उपयोगी. हेडफोन लावा. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर ध्वनी चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली असतो. कुणी तयार प्रिंट कात्रीने कापून सांधली, की चित्र सांध्यावर लगेच उडी मारतं, पण आवाजाचा सांधा ०.८ सेकंद उशिरा येतो. त्या ०.८ सेकंदात तुम्हाला काय ऐकू येतं? कापलेल्या शॉटच्या सुरुवातीचा आवाज. पडद्यावर नायक शांत उभा आहे आणि कानावर मात्र हाड मोडल्याचा आवाज किंवा अर्धवट किंकाळी येते. असं ऐकलंत तर तिथे काहीतरी होतं आणि ते प्रिंट बनल्यावर काढलं, हे नक्की समजा. चित्र आणि संगीत एकाच क्षणी तुटत असेल तर काटछाट व्हिडिओवर झालेली. आणि संगीत अखंड वाहतंय, चित्र मात्र अडखळतंय, तर वितरकाने ध्वनी नव्याने मिसळून मुरवलेली. ती पकडायला दुसरी प्रत शेजारी लावण्यावाचून इलाज नाही.

हे करताना रिळांची टोकं सोडून द्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका येतो तो रीळ बदलण्याचा इशारा: एक रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी, दुसरा एक सेकंद आधी. दोन हजार फुटी रिळात जास्तीत जास्त २२ मिनिटं मावतात, म्हणजे १८ ते २२ मिनिटांच्या अंतराने हे ठिपके दिसणार. त्यांच्या आसपास फ्रेम गळलेल्या असल्या तर ती प्रोजेक्टरवरच्या हाताळणीची झीज. सेन्सॉरची कात्री रिळाच्या मध्यावर, ऐन मारामारीत सापडते.

नव्या, चकचकीत प्रतींचा धोका आवाजात असतो. पाच स्पीकरांसाठी नव्याने केलेल्या मिश्रणात ठोशांचे आवाज बदललेले असतात. जुने ठोसे कोरडे, फटकन वाजणारे. नव्यांत खाली घुमणारा दणका भरलेला असतो. संगीताचं तर विचारायलाच नको. शॉ ब्रदर्सच्या सिनेमांत डी वुल्फसारख्या संग्रहांतलं तयार संगीत वापरलेलं असे, इतरांनी मिळेल ते उचललं: ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’त जाँ-मिशेल जार, ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’मध्ये नॉय! आणि टँजरीन ड्रीम. हक्कांची भानगड नको म्हणून पुढे काही प्रतींत असे तुकडे बदलले गेले. डिस्कवर जुनी मोनो पट्टी असेल तर तीच लावा. सभागृहात पाच स्पीकर आहेत म्हणून ते पाचही वाजवलेच पाहिजेत असं नाही.

राहिली गोधडी. चाहते सर्वांत चांगल्या चित्राची प्रत घेऊन तिच्यात गायब जागी कॅसेटवरचे तुकडे शिवतात. कष्टाचं काम आहे आणि ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन’सारखे सिनेमे पूर्ण स्वरूपात कळले ते अशा जोडकामामुळेच. टाके कुठे उसवतात ते बघा: २५ फ्रेमचा तुकडा २३.९७६ मध्ये बसवताना वेग ०.९५९ पट करायला हवा. तो केला नाही तर तेवढ्यापुरती माणसं लगबगीने चालतात. तुकड्यापुरता रंग विटतो, बाजू कापल्या जातात. आणि जो भाग इंग्रजी आवृत्तीत कधी नव्हताच त्याचं इंग्रजी डबिंगही नसतं, म्हणून इंग्रजीत धमक्या देणारा खलनायक मधेच मँडरिन बोलून पुन्हा इंग्रजीवर येतो. प्रेक्षक हसतात. आधी सांगितलंत तर समजून घेतात. गोधडी सार्वजनिक खेळात वापरायची तर हक्काचा प्रश्न आहेच. चर्चेच्या वेळी दोन-चार तुकडे तुलनेसाठी दाखवणं आणि मुख्य खेळ परवानगीच्या प्रतीवर करणं, ही वाट आम्हाला बरी वाटते.

सगळ्यांत लांब ती सगळ्यांत खरी, असंही धरून चालू नका. लांबी कुठून आली ते विचारा. दिग्दर्शकाने काढून टाकलेलं कुणी परत घातलं असेल, किंवा वितरकाने आपल्या बाजारासाठी नवं जोडलं असेल.

तर पत्रकावर एवढं छापलंत तरी पुरे. नमुना देतो, जागा तीन ओळींची:

‘द बिग बॉस’ (अमेरिकेत ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’), हाँगकाँग, १९७१, दिग्दर्शन लो वेई. मँडरिन ध्वनी, मोनो, वँग फू-लिंग यांचं मूळ संगीत; चिनीवरून केलेली इंग्रजी सबटायटल. २.३५ : १, २४ फ्रेमला … मिनिटं, करवतीचा प्रसंग नाही.

मिनिटांची जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. ती तुम्ही मोजून भरायची.

आपले,
पुढच्या रांगेत बसणारे काही कुंग-फूवेडे